खेळासाठी वेगळे यंत्र हवे काय?

आदिलाबाद जिल्ह्यात कडम नदीवर कुंतला धबधबा आहे. पावसाळ्यात तेथे कोसळणाऱ्या लोटातील प्रत्येक थेंब कोणत्या वेगाने खडकावर आपटला आणि कोठे उडाला, याचा हिशेब निसर्ग आपसूक ठेवीत असतो. हेच दृश्य संगणकावरील खेळात दाखवावयाचे झाले, म्हणजे तो हिशेब यंत्राला करावा लागतो. दहा हजार थेंब घेतले आणि चित्र सेकंदाला 60 वेळा बदलले, तर सेकंदाला 6 लाख वेळा थेंबांची स्थाने निश्चित करावी लागतात. त्यांच्या परस्परांशी होणाऱ्या टकरी निराळ्याच.

एवढ्या श्रमासाठी स्वतंत्र यंत्रभाग घ्यावा काय? 2006 साली एजिया या अमेरिकन कंपनीने असे ‘फिजएक्स’ नावाचे कार्ड सुमारे 300 डॉलरना विक्रीस आणले. त्यामागील विचार सयुक्तिक होता. मुख्य प्रोसेसर नाना प्रकारची कामे उरकण्यात निष्णात असतो. एकाच साच्याची हजारो गणिते एकदम करावयास निराळी रचना सोयीची पडते.

परंतु खरी अडचण बाजाराची निघाली. ते कार्ड फारच थोड्यांजवळ होते. पाण्याच्या प्रवाहावर किंवा कोसळत्या भिंतीवर जय-पराजय अवलंबून ठेवला असता, तर इतरांना तो खेळ खेळताच आला नसता. साहजिकच ठिणग्या, धूर व फडफडणारे कापड अशा शोभेपुरतेच त्या कार्डाचे काम बहुधा मर्यादित राहिले. याउलट 2004 च्या ‘हाफ-लाइफ 2’ या खेळात वस्तू उचलून फेकणे आणि त्यांच्या वजनाच्या साहाय्याने कोडी सोडविणे, हेच मर्म होते. आणि ते सारे गणित डब्लिनच्या हॅवॉक कंपनीच्या आज्ञावलीच्या आधारे मुख्य प्रोसेसरच करीत असे.

2008 साली एनव्हिडियाने एजिया विकत घेतली व तेच काम आपल्या ग्राफिक्स कार्डांवर आणले. वेगळ्या कार्डाचे प्रयोजन दोन वर्षांतच सरले. पुढे 2025 च्या आरंभी त्याच कंपनीच्या नव्या कार्डांनी जुन्या 32-बिटी आज्ञावलींचा आधार काढून घेतला. ‘मिरर्स एज’सारख्या जुन्या खेळांतील फुटत्या काचांचा भार प्रोसेसरवर पडला आणि खेळ अडखळू लागले. वर्षअखेरीस निवडक खेळांपुरता तो आधार परत मिळाला. सारांश, एकाच उत्पादकाच्या यंत्राला बांधलेली शोभा त्याच्या मर्जीवर राहते.

तेव्हा आदिलाबादच्या कापूस पिकविणाऱ्या घरातील मुलगा असो, वा पैनगंगेपलीकडील यवतमाळचा, पैसे मोजण्यापूर्वी त्याने एवढेच पाहावे: ही शोभा बंद केली तर खेळ उरतो काय? उरत असेल, तर चांगला प्रोसेसर व एक बेताचे ग्राफिक्स कार्ड त्यास पुरेसे आहे. वाचलेला पैसा घरच्या दुसऱ्या गरजेला खात्रीने उपयोगी पडेल.