नकोशा अशिलाचा वकील

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



यंदा आपल्या समाजातील चौघा मुलामुलींना वकिलीची सनद मिळाली. त्यांचा सत्कार आता व्हावयाचा आहे, व त्यापूर्वी मी चार शब्द बोलावे अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कायद्याशी माझा संबंध आला तो वडिलार्जित शेताच्या बांधापुरता, आणि तोही तारखा मोजण्यातच संपला. तेव्हा कायद्याविषयी मी काही सांगू लागलो तर ही मुलेच हसतील. परंतु इतिहास मी आयुष्यभर शिकविला आहे. म्हणून वकिलांना मिळणाऱ्या एका पारितोषिकाचा इतिहास सांगावा असे योजून आलो आहे.

फ्रान्स देशात बोर्दो नावाचे जुने बंदर आहे. तेथील वकिलांच्या पुढाकाराने १९८४ साली एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक स्थापन झाले. मानवी हक्कांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या वकिलाचा वकिलांनीच सन्मान करावा, असा त्याचा हेतू. पुढे युरोपातील इतर शहरांची वकीलमंडळेही त्यात सामील झाली. पारितोषिकाला नाव दिले आहे ल्युदोविक त्रारिए यांचे. हे गृहस्थ कोण, हे प्रथम पाहू.

त्रारिए यांचा जन्म १८४० सालचा. बोर्दो येथे त्यांनी वकिली केली, तेथील वकीलमंडळाचे ते प्रमुख झाले, पुढे सिनेटचे सभासद आणि १८९५ साली काही महिने फ्रान्सचे न्यायमंत्री झाले. हा मनुष्य क्रांतिकारक मुळीच नव्हता. रेल्वेच्या व शस्त्रागारांच्या कामगारांना संपाची बंदी करू पाहणाऱ्या एका विधेयकाला त्यांचे नाव जोडलेले आहे. सुव्यवस्थेचे, सरकारदरबारी मान असलेले असे ते गृहस्थ होते. मला तर याच गोष्टीचे अधिक मोल वाटते.

त्या काळी फ्रान्समध्ये आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याचे प्रकरण गाजत होते. जर्मनीला गुपिते विकल्याच्या आरोपावरून १८९४ च्या डिसेंबरात लष्करी न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमध्ये सैनिकांच्या देखत त्याच्या गणवेशावरील चिन्हे ओरबाडून काढली, त्याची तलवार मोडली, आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या ‘सैतानाचे बेट’ नावाच्या खडकावर त्याला नेऊन टाकले. सारा देश त्याच्यावर थुंकत होता. परंतु खटल्यात एक गोष्ट घडली होती, जी वकिलाच्या कानाला खटकल्यावाचून राहिली नसती. न्यायाधीशांच्या हाती काही गुप्त कागद देण्यात आले होते, आणि ते आरोपीला दाखविले नव्हते, त्याचे वकील देमांज यांनाही दाखविले नव्हते. आरोपी अपराधी आहे की निरपराधी, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. जो कागद मला दाखविलाच नाही त्याला मी उत्तर कसे द्यावे?

या प्रकरणाविषयी त्रारिए यांच्या मनात शंका उत्पन्न झाली आणि ती वाढत गेली. १८९८ च्या जानेवारीत कादंबरीकार एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांस उद्देशून आपले सुप्रसिद्ध आरोपपत्र वृत्तपत्रात छापले, तेव्हा सरकारने त्यांच्यावरच खटला भरला. त्या खटल्यात माजी न्यायमंत्री त्रारिए साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. बाहेर जमाव झोलांच्या नावाने ओरडत होता. झोलांना एक वर्षाची कैद व तीन हजार फ्रँक दंड झाला. पण त्याच दिवसांत काही मंडळी त्रारिए यांच्याभोवती जमली आणि मानवी हक्कांच्या संरक्षणासाठी एक संस्था निघाली. त्रारिए तिचे पहिले अध्यक्ष. तीच संस्था पुढे फ्रान्समध्ये मोठी मान्यता पावली.

झोलांचे वकील होते लाबोरी. पुढल्या वर्षी रेन या गावी ड्रेफसचा फेरखटला चालला, त्यात लाबोरींनी ड्रेफसचे वकीलपत्र घेतले. १४ ऑगस्ट १८९९ च्या सकाळी ते न्यायालयाकडे चालले असता कोणी तरी पाठीमागून गोळी झाडली. मारेकरी सापडला नाही. लाबोरी वाचले, आणि आठवड्याभरात पुन्हा न्यायालयात जाऊन उभे राहिले! लष्करी न्यायाधीशांनी ड्रेफसला दुसऱ्यांदाही दोषीच ठरविले. मग त्याला माफी मिळाली. पूर्ण निर्दोष ठरावयास १९०६ साल उजाडावे लागले, आणि त्रारिए तर १९०४ सालीच वारले होते.

आता पारितोषिकाकडे वळू. पहिले पारितोषिक १९८५ साली देण्यात आले, ते नेल्सन मंडेला यांना. मंडेला त्या वेळी दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात होते, म्हणून त्यांची कन्या बोर्दोला गेली आणि तिने ते स्वीकारले. मंडेलांना आपण राष्ट्रपुरुष म्हणून ओळखतो. ते व्यवसायाने वकील होते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. १९५२ साली त्यांनी ऑलिव्हर टांबो यांच्यासमवेत जोहान्सबर्ग येथे कचेरी थाटली होती. वर्णभेदाच्या कायद्यांनी गांजलेली माणसे जिन्यावर रांग लावून बसत.

या कचेरीच्या संबंधातील एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. अन्याय्य कायद्यांविरुद्ध सत्याग्रही मोहीम चालविल्याबद्दल मंडेलांना १९५२ साली शिक्षा झाली होती, ती स्थगित ठेवलेली होती. तेवढ्यावरून त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या संस्थेने १९५४ साली न्यायालयाकडे अर्ज केला की या मनुष्याचे नाव वकिलांच्या पटावरून काढून टाकावे. तेव्हा जोहान्सबर्गच्या बॅरिस्टर मंडळाचे प्रमुख वॉल्टर पोलॅक हे एक कवडी न घेता मंडेलांच्या बाजूने उभे राहिले. पोलॅक गोरे होते, हे सांगावयास हवे. न्यायमूर्ती रॅम्सबॉटम यांनी अर्ज फेटाळला. आपल्या राजकीय मतांसाठी झगडणे म्हणजे व्यवसायाला काळिमा लावणे नव्हे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय. एकाच व्यवसायातील काही माणसे एका वकिलास हाकलू पाहतात आणि दुसरा कोणी त्याच्यासाठी उभा राहतो. हाच प्रकार गांधीजींच्या बाबतीत झाला तेव्हा उभे राहणारे कोणी निघाले नाही. लंडनच्या ‘इनर टेंपल’ने १९२२ साली त्यांचे नाव काढून टाकले, आणि ते परत लिहिले १९८८ साली. महात्म्याला मरून तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

मंडेलांच्या मागून पारितोषिक मिळालेल्यांची यादी पाहिली म्हणजे जगाचा नकाशाच पुढे उलगडतो. २००३ साली ते मेक्सिकोच्या दिग्ना ओचोआ यांना मरणोत्तर मिळाले. त्या आपल्या कचेरीत २००१ साली मृतावस्थेत सापडल्या होत्या. सरकारी तपासात ती आत्महत्या ठरली, घरच्यांनी ते कधीच मानले नाही, आणि वीस वर्षांनी, २०२१ साली, अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने त्या तपासाबद्दल मेक्सिको सरकारला दोषी धरले. २००९ साली झिंबाब्वेच्या बिएट्रिस म्टेट्वा, २०१६ साली चीनच्या वांग यू, २०१८ साली इराणच्या नसरीन सोतुदेह. तुर्कस्थानच्या एब्रू तिमतिक यांनी न्याय्य सुनावणीच्या मागणीसाठी तुरुंगात अन्नत्याग केला आणि २३८ दिवसांनंतर २७ ऑगस्ट २०२० रोजी त्या गेल्या. आपल्या देशातील एक नाव या यादीत आहे. श्रीनगरचे वकील परवेझ इमरोझ, वर्ष २००६. घरातून नेलेला मनुष्य कोठे आहे ते सांगा व त्याला न्यायालयापुढे हजर करा, असे अर्ज बेपत्ता झालेल्यांच्या आईबापांसाठी ते करीत आले. काश्मीरविषयी आपल्यापैकी प्रत्येकाचे मत निराळे असेल. माझेही आहे. पण मुलगा कोठे आहे हे विचारण्याचा आईचा हक्क कोणत्याही मतावर अवलंबून नाही.

आता आपण म्हणाल, मास्तर दूरदूरच्या गोष्टी सांगतात. मग मुंबईचीच सांगतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. जिवंत पकडलेल्या कसाबचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही, असे मुंबईतील वकिलांच्या एका संघटनेने ठरविले. पुढल्या वर्षी न्यायालयाने एका वकीलबाईंची नेमणूक केली तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव जाऊन घोषणा देऊ लागला. संताप समजण्यासारखा होता. त्या रात्री दूरदर्शन संचापुढे बसून मीही संतापलो होतो. परंतु याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघेही भारतीय. हल्ल्यासाठी नकाशे काढून दिल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांपैकी एकाचे वकील होते शाहिद आझमी. हा तरुण वकील ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याच्या आपल्या कचेरीत गोळ्या घालून मारला गेला. वय अवघे बत्तीस. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ मे रोजी, निकाल लागला आणि ते दोन्ही आरोपी सुटले. मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडला म्हणून जो नकाशा पुढे केला होता त्यावर रक्ताचा डाग नव्हता, ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेतून सुटली नाही. उच्च न्यायालयाने व सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. कसाबची फाशीही त्याच न्यायालयांनी कायम केली. त्या दोघांच्या वतीने कोणी उभेच राहिले नसते तर तो नकाशा कोणी निरखून पाहिला असता?

आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क दिला आहे. अमक्याचे वकीलपत्र घ्यावयाचे नाही असे वकिलांच्या संघटनांनी केलेले ठराव निरर्थक आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या डिसेंबरात स्पष्ट सांगितले. वकिलाला त्याच्या अशिलाशी किंवा अशिलाच्या कामाशी एकरूप समजू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या हवाना येथील परिषदेने १९९० सालीच मान्य केले होते. तथापि कागदावरचे तत्त्व घरात उतरावयास वेळ लागतो. वैद्याने कोणाचा ताप उतरविला हे आपण विचारीत नाही, वकिलाने कोणाचा खटला चालविला हे मात्र हटकून विचारतो.

आता जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही, पण साठी उलटल्यावर गोड बोलण्याची सक्ती राहत नाही.

आपल्याच समाजातील एक मुलगी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर आहे. ज्याला वकील करण्याची ऐपत नाही त्याच्यासाठी सरकारने वकील द्यावा, ही ती व्यवस्था. गेल्या वर्षी तिच्याकडे एका मारहाणीच्या खटल्यातील आरोपीचे काम आले. फिर्यादी आपल्यापैकीच एका घरातला. आरोपी परजातीचा, मजूर. मुलीने काम घेतले. त्यानंतर मंडळातील तीन वडीलधारी माणसे तिच्या वडिलांकडे जाऊन बसली. ‘आपल्याच माणसाच्या विरुद्ध आपली मुलगी उभी राहते, हे शोभते का?’ असे विचारले गेले. पुढे लग्नाच्या बोलण्यातही हा विषय निघाला, असे माझ्या कानी आले. कोणाचीही नावे मी घेणार नाही. फिर्यादीला लागले होते, त्याचे दुःख खरे आहे, आणि त्याची बाजू मांडावयास सरकारी वकील आहेतच. समोरच्याच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते, म्हणून तर न्यायालयाने त्या मुलीला पाठविले. ती आपल्या माणसाविरुद्ध उभी राहिलेली नाही. ती आपल्या नेमून दिलेल्या जागी उभी आहे.

या कामासाठी मंडळाच्या नावाचा उपयोग झाला, ही गोष्ट मला लागली. पूर्वजांनी हे मंडळ मुलांच्या वसतिगृहासाठी काढले. मुलींनी शिकावे म्हणून पुढे आपण घरोघर हिंडलो, वर्गण्या मागितल्या. त्या मुलीच्या पुस्तकांनाही मंडळाच्याच शिष्यवृत्तीचे पैसे लागले आहेत. शिकवून झाल्यावर शिकलेले वापरू नको म्हणावयाचे असेल तर ती वर्गणी तरी कशाला?

चौघा नव्या वकिलांना मी उपदेश करीत नाही. त्यांना त्यांचे गुरुजन आहेत, आणि पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलांच्या फायली उचलण्यातच जातील. माझे बोलणे त्यांच्या आईबापांशी व आपणा सर्वांशी आहे. कार्यकारी मंडळाने त्या मुलीच्या घरी एक पत्र पाठवावे, अशी माझी विनंती आहे. तिच्या कामाशी मंडळाचा संबंध नाही, आणि मंडळाच्या नावाने तिच्यावर दबाव आणण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही, एवढेच त्यात असावे. खटला अजून चालू आहे, तेव्हा त्याच्या बऱ्यावाईटाविषयी पत्रात एक अक्षरही नको. मसुदा मी लिहून आणला आहे, तो अर्ध्या पानाचा आहे. सभा संपताच कार्यवाहांच्या हाती देतो. शुद्धलेखन तपासावे लागणार नाही.