निरंक आणि न पाहिलेलं



मी शास्त्रज्ञ नाही. साधा पदवीधर आहे, आणि पदवीनंतरची सगळी उमेदीची वर्षं लष्करात गेली. तरीही राष्ट्रीय उद्यानाच्या परिषदेत संशोधन कसं मांडावं यावर आज मी बोलणार आहे. कारण अशाच एका परिषदेत मी एक चूक केली, आणि ती चूक करू नये हे मला लष्करानं पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

निवृत्तीनंतर मला पक्षी पाहण्याचा नाद लागला. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. उत्तर भारतातल्या एका पाणथळ उद्यानात मी अशा गणनेला जाऊ लागलो. उद्यानाचं नाव सांगत नाही, कारण चूक उद्यानाची नव्हती, माझी होती.

आम्ही तलावाचे सहा भाग पाडले होते. पहाटे प्रत्येक भागावर दोघं जण. थवा मोठा असेल तर एकेक पक्षी मोजता येत नाही. आधी शंभर पक्षी नीट मोजायचे, ते नजरेत बसवायचे आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहायचं. त्या वर्षी चार भाग व्यवस्थित झाले. उरलेल्या दोन भागांवर इतकं दाट धुकं होतं की पन्नास पावलांपलीकडचं दिसेना. तिथल्या जोड्या तक्ता कोरा ठेवून परतल्या.

बेरीज करायला मी बसलो. कोऱ्या चौकटी मला खुपत होत्या. मी तिथे शून्य लिहिलं. खोटं लिहायचं म्हणून नव्हे, तक्ता पूर्ण दिसावा म्हणून.

दीड महिन्यानं उद्यानाच्या परिषदेत मला दहा मिनिटं मिळाली. समोर वनाधिकारी, संशोधक, वनरक्षक आणि आसपासच्या गावांतली काही मंडळी. मी आलेख दाखवला. मागच्या वर्षीचा खांब उंच, या वर्षीचा बुटका. खणखणीत आवाजात सांगितलं, ‘पक्षी घटले आहेत.’ लोकांनी माना डोलावल्या. परिषदेच्या शिफारशींचा मसुदा तिथेच तयार होत होता. त्यात एक ओळ आली : पक्ष्यांची घट पाहता गावकऱ्यांचे गवत कापण्याचे परवाने कमी करावेत.

तेवढ्यात एका तरुण संशोधिकेनं विचारलं, ‘सर, पाच आणि सहा नंबरच्या भागांत शून्य दिसतंय. तिथे पक्षी नव्हते, की पाहता आलं नाही?’

मला उत्तर माहीत होतं. तरी मी म्हणालो, ‘तिथे फारसे नव्हते.’

मागच्या रांगेतून एक वनरक्षक उठला. अगदी आदबीनं म्हणाला, ‘साहब, उस दिन तो कोहरा था.’

मित्रहो, आयुष्यात बऱ्याच कठीण जागी उभा राहिलो आहे. त्या व्यासपीठावर मात्र पाय लटपटले. मी सांगितलं, हो, धुकं होतं, ते दोन भाग आम्ही पाहिलेच नाहीत, हा आलेख बाद समजा. मसुद्यातली ती ओळ काढली गेली. माझ्या दोन शून्यांमुळे कुणाच्या तरी गोठ्यातला चारा जाणार होता.

लष्करात गस्त परत आली की तिला तीन प्रश्न विचारतात. काय पाहिलंस? काय ऐकलंस? तुझा अंदाज काय? तिन्ही उत्तरं वेगवेगळी लिहितात. ठरलेल्या जागी पोहोचूनही काही दिसलं नाही, तर अहवाल ‘निरंक’. आणि तिथवर पोहोचताच आलं नाही, तर तसं स्पष्ट लिहायचं. या दोन्हींची गल्लत झाली तर पुढच्या तुकडीतली माणसं जिवाला मुकतात. हे मी किती तरी जवानांना शिकवलं होतं. तक्ता भरताना मात्र विसरलो.

या प्रसंगानंतर मी राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास वाचून काढला. जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं हे उद्यान. एकेकाळी संस्थानिकांची बदकांची शिकारगाह. १९८५ पासून जागतिक वारसा स्थळ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ मध्ये तिथली म्हशींची चराई बंद झाली. गावकरी चिडले, संघर्ष पेटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं दगावली. चराई थांबली की पाणथळ सुधारेल, असं तेव्हाच्या जाणकारांना वाटत होतं. खुद्द सलीम अलींचं मतही बंदीच्या बाजूचं होतं.

त्याच काळात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा एक दीर्घ अभ्यास तिथे चालू होता. सलीम अलींचीच ही संस्था. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली जवळपास दहा वर्षं पाणी, वनस्पती, मासे आणि पक्षी यांच्या नोंदी झाल्या. निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी थांबल्यावर पॅस्पॅलम नावाचं गवत पाण्यात माजलं. उघडं पाणी आक्रसलं आणि त्यावर जगणाऱ्या पाणपक्ष्यांची अडचण झाली. म्हशी गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या, हे त्या गेल्यावर कळलं.

आता विचार करा. आपल्याच संस्थेच्या, आपल्या सर्वांत आदरणीय माणसाच्या मताविरुद्ध निष्कर्ष आला आहे. बंदीपायी माणसं गेली आहेत. अशा वेळी अहवाल गुळमुळीत करायचा मोह किती मोठा असेल! त्या मंडळींनी तसं केलं नाही. जे दिसलं ते लिहिलं. म्हणूनच आज पाणथळीच्या व्यवस्थापनाचा विषय निघाला की भरतपूरचा दाखला दिला जातो.

उलटं उदाहरणही राजस्थानातलंच. सरिस्कात पायाच्या ठशांवरून वाघ मोजले जात आणि २००४ पर्यंत कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला उघड झालं, की तिथे एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी ते संपवले होते आणि कागदावर ते जिवंत होते.

त्यानंतर देशभर मोजणीची पद्धत बदलली. कॅमेरे आणि संख्याशास्त्र आलं. २००८ मध्ये नवे आकडे जाहीर झाले : १,४११ वाघ. वर्तमानपत्रांत तेवढंच छापून आलं. पण अहवालात मर्यादाही दिली होती, किमान १,१६५ आणि कमाल १,६५७. शास्त्रज्ञ म्हणत होते, आम्हाला इतकं माहीत आहे आणि इतकं नाही. आधीचा आकडा साडेतीन हजारांच्या वर होता, पण मोजायची पद्धतच वेगळी असल्यानं सरळ वजाबाकी करणं बरोबर नव्हतं. मी माझ्या दोन खांबांच्या आलेखात नेमकी तशीच वजाबाकी केली होती. एका वर्षी सहा भाग, दुसऱ्या वर्षी चार.

तेव्हापासून परिषदेत बोलायचं असेल तर मी चार गोष्टी पाळतो. पहिल्याच मिनिटाला निष्कर्ष सांगतो, कारण वनाधिकाऱ्याला त्यावरून निर्णय घ्यायचा असतो. लगेच पुढे सांगतो, काय पाहता आलं नाही आणि का. आकडा कधी एकटा देत नाही, त्याची मर्यादा सोबत देतो. आणि मांडणीच्या आदल्या संध्याकाळी सगळं काही तिथल्या वनरक्षकांना त्यांच्या भाषेत सांगून दाखवतो. धुकं कोणत्या दिवशी होतं, हे त्यांना पाठ असतं.

आपण सगळे मराठी, पण राहतो देशभर. कुणी बडोद्याला, कुणी इंदूरला, कुणी हैदराबादला. तुमच्या आसपास एखादं उद्यान, एखादा तलाव असेलच. येत्या जानेवारीत गणनेला जा. मोजा, आणि बोलवलं तर परिषदेत उभे राहून मांडाही. फक्त कोरी चौकट कोरी ठेवा.

त्या वनरक्षकाला मी दर वर्षी भेटतो. गेल्या खेपेला तक्ता त्याच्याच हाती दिला. त्यानं एका भागासमोर लिहिलं, ‘कोहरा. नहीं देखा.’ त्या दिवशीची सर्वांत खरी नोंद तीच होती.

जय हिंद.