नेत्रशल्यविद्येचे गुरुकुल निवडताना

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हाताने शिकण्याचे मोल भिलाईच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात जी मराठी कुटुंबे या पोलादनगरीत स्थिरावली, त्यांतील कर्त्या पुरुषांनी एक गोष्ट अनुभवाने जाणली होती. फिटर असो की वेल्डर, प्रमाणपत्र हाती असले तरी त्याला आधी उस्तादाच्या शेजारी उभे राहावे लागे. उस्ताद बघत असे, चुकले की हात धरत असे, आणि एके दिवशी अवजार त्याच्या हाती देऊन दोन पावले मागे सरत असे.

त्या पिढीची नातवंडे आता डॉक्टर होत आहेत. एम.बी.बी.एस. होऊन, नीट-पीजीची परीक्षा देऊन, एखादी मुलगी नेत्ररोगशास्त्र हा विषय घ्यायचा ठरवते. क्रमांक लागतो, पसंतीक्रम भरण्याची मुदत दोनचार दिवसांवर येते, आणि घरात प्रश्न उभा राहतो : जागा कोठे घ्यावी? बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : नाव मोठे असेल तेथे. हे उत्तर अपुरे का आहे, याचा विचार करणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

नेत्रशल्यविद्या ही सर्वस्वी हाताची विद्या आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग काढून त्याच्याच आवरणात कृत्रिम भिंग बसवतात. त्या आवरणाचा मागचा पडदा केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतो. तो फाटला तर आतला पारदर्शक द्रव पुढे येतो आणि साधी शस्त्रक्रिया क्षणात अवघड होते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दृष्टी यांचा मेळ घालणे ग्रंथ वाचून साधत नाही.

ही जाण नवी नाही. मोतीबिंदूला 'लिंगनाश' म्हणणाऱ्या सुश्रुतसंहितेत 'योग्या' नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. छेदन शिकावे ते भोपळा, काकडी अशा फळांवर. भेदन शिकावे ते पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर. आणि सर्व शास्त्र पढूनही ज्याने असा सराव केला नाही, तो प्रत्यक्ष कर्मास अयोग्य, असा त्या अध्यायाचा आशय आहे. आज भोपळ्याची जागा बोकडाच्या डोळ्यांनी आणि संगणकीय सिम्युलेटरने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

चांगल्या विभागात निवासी डॉक्टरला पायरीपायरीने चढवतात. प्रथम बाह्यरुग्ण विभागात तपासणी पक्की होते. मग तो शस्त्रक्रियेस मदतनीस म्हणून उभा राहतो, डोळ्याभोवती भूल देण्याचे इंजेक्शन शिकतो. त्यानंतर एकेक टप्पा त्याच्या हाती येतो : आज फक्त छेद, पुढच्या आठवड्यात भिंग बसवणे, नंतर आवरणाला गोल छिद्र पाडणे. शिक्षक शेजारी बसून दुसऱ्या नळीतून तेच दृश्य पाहत असतो. सारे टप्पे स्वतंत्रपणे जमल्यावरच पूर्ण शस्त्रक्रिया त्याच्यावर सोपवली जाते. आधी लहान छेदाची, टाके न घालता हाताने करायची पद्धत, कारण खेड्यापाड्यांतून उशिरा येणाऱ्या रुग्णांचा पिकलेला, टणक मोतीबिंदू तिनेच सुखरूप निघतो. आणि मग अल्ट्रासाउंडने भिंग फोडून शोषून घेणारी फेको पद्धत.

ही शिडी प्रत्येक ठिकाणी सारखी असत नाही. काही विभागांत रोज शेकडो रुग्ण येतात, पण शस्त्रक्रिया वरिष्ठांच्या आणि फेलोंच्या वाट्याला जातात. निवासी डॉक्टर तीन वर्षे चष्म्याचे नंबर काढतो. काही विभागांत उलट घडते : दिवसाचा आकडा गाठण्यासाठी अननुभवी हातात सुरी दिली जाते आणि शेजारी कोणीच नसते. पहिल्या ठिकाणी विद्यार्थ्याचे नुकसान होते, दुसऱ्या ठिकाणी रुग्णाचे. एम.एस. ही पदवी मात्र दोन्हीकडे सारखीच मिळते. म्हणूनच पदवीनंतरही अनेक जण केवळ फेको हाती यावी यासाठी फेलोशिपची आणखी वर्षे घालवतात.

हा प्रश्न किती तीव्र होऊ शकतो, हे २०२३ साली महाराष्ट्राने पाहिले. मुंबईच्या सर ज. जी. समूह रुग्णालयातील नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची पुरेशी संधी मिळत नसल्याची तक्रार केली आणि मार्ड या त्यांच्या संघटनेने संप पुकारला. विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांनी हे आरोप फेटाळले आणि राजीनामे दिले. त्या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, ज्या विभागाचे नाव राज्यात घरोघरी ठाऊक होते, तेथेही विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात 'हाती काय मिळते' याविषयी इतके अंतर पडू शकले. मोठे नाव हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आता दुसरी बाजू, वातावरणाची. पालकांना वाटते, शस्त्रक्रिया भरपूर मिळत असतील तर थोडे ओरडणे, थोडी जागरणे सोसावी. त्यातूनच माणूस घडतो. हा समज तपासून पाहिला पाहिजे. मागचा पडदा कधी ना कधी प्रत्येक शिकाऊ शल्यविशारदाच्या हातून फाटतोच. त्या क्षणी शिक्षक काय करतो? तो शांतपणे खुर्ची घेतो, शस्त्रक्रिया निभावून नेतो, आणि संध्याकाळी त्याच डॉक्टरला बसवून चूक कोठे झाली ते चित्रफितीवर दाखवतो. की रुग्ण भुलीत नसताना, सर्वांदेखत अपमान करून पुढचे दोन महिने त्याला शस्त्रक्रियागृहाबाहेर ठेवतो? पहिल्या विभागात चूक सांगितली जाते. दुसऱ्या विभागात ती लपवली जाते. लपवलेली चूक शेवटी रुग्णाच्या डोळ्यावर जाते.

भिलाईकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. २०११ साली, बालोद अजून दुर्ग जिल्ह्यात होते तेव्हा, तेथील शासकीय मोतीबिंदू शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेक गरीब रुग्णांना जंतुसंसर्ग झाला आणि त्यांची दृष्टी गेली. दिसावे म्हणून आलेली माणसे अंधार घेऊन घरी परतली. या भागातल्या जुन्या मंडळींना ते दिवस आठवत असतील. अशी दुर्घटना एका माणसाच्या हातामुळे घडते असे क्वचितच असते. उपकरणे निर्जंतुक झाली का, द्रवाची बाटली तपासली का, एका टेबलावर किती जण झाले, यावर कोणीतरी "थांबा" म्हणायला हवे असते. जेथे परिचारिकेला आणि कनिष्ठ डॉक्टरला वरिष्ठांसमोर तो शब्द उच्चारता येतो, तेथेच रुग्ण सुरक्षित असतो. म्हणून शस्त्रक्रियेचे शिक्षण आणि विभागातले मोकळे वातावरण या दोन वेगळ्या निवडी नाहीत; दुसरीवाचून पहिली अपुरी राहते.

मग निवड करावी कशी? संकेतस्थळावरील इमारतीच्या छायाचित्रांतून काही कळत नाही. विचारावे ते नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांना, आणि शक्य तर शिक्षक समोर नसताना. शेवटच्या वर्षात स्वतःच्या हाताने पूर्ण किती शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांतल्या किती फेको? शेजारी कोण बसले होते? सरावाची प्रयोगशाळा आहे की कुलूपबंद आहे? काचबिंदू, दृष्टिपटल, लहान मुलांचे तिरळेपण, कारखान्यात डोळ्यात उडालेले लोखंड काढणे, यांपैकी काय काय पाहिले? गुंतागुंतीच्या केसेसवर नियमित चर्चा होते का? रात्रपाळीनंतर झोप मिळते का? एखादी निवासी डॉक्टर आजारी पडली किंवा आई होणार असली, तर सहकारी तिच्याशी कसे वागतात? कोणी अभ्यासक्रम अर्धवट सोडून गेले का, आणि का? शेवटच्या प्रश्नावर उत्तर देणारा थबकला, तर ते थबकणेही उत्तरच असते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुरेशी विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांचे प्रशिक्षण सांगितले आहे. नियम कागदावर आहेत; विभागागणिक ते किती पाळले जातात, एवढेच विचारायचे. आणि हे सारे प्रवेशापूर्वी विचारायचे, कारण जागा घेऊन ती सोडली तर दंड आणि वर्ष, दोन्ही जाऊ शकतात. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे छत्तीसगडच्या विद्यार्थ्याला राज्याबाहेरचे दारही उघडे असते. पण घराजवळच्या, कमी गाजलेल्या विभागात शिक्षक हाताला धरून शिकवत असेल, तर दूरचे नाव सोडण्यात कमीपणा नाही. एम.एस. न मिळाल्यास डी.एन.बी.चा मार्गही तितक्याच गंभीरपणे पाहावा. वाहिलेल्या नेत्ररुग्णालयांत कधीकधी त्यातूनच हात अधिक चालतो.

मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाची सुरुवात १९७६ साली अवघ्या ११ खाटांनी झाली. संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटे संधिवाताने वाकडी झालेली होती; त्याच बोटांना त्यांनी पुन्हा शस्त्र धरायला शिकवले. हात जन्मतः लाभत नाही, तो घडवावा लागतो, आणि घडवायला धीराचा माणूस शेजारी लागतो.

पालकांना शेवटी एवढीच विनंती. मुलीने पसंतीक्रमाच्या यादीत गाजलेल्या नावाच्या वर एखादे साधे नाव लिहिले, तर लोक काय म्हणतील हे तिला विचारू नये. तेथे कोण शिकवते, हे विचारावे. काही वर्षांनी दुर्ग किंवा बालोदच्या एखाद्या गावातली म्हातारी तिच्यासमोर टेबलावर पडून राहील, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघेल. त्या म्हातारीला महाविद्यालयाचे नाव ठाऊक नसेल. तिला समोरचा चेहरा दिसला पाहिजे.