दान की वसुली?



निर्भया प्रकरणातील दोषींना अवयवदानाचा पर्याय द्यावा, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या एका माजी न्यायमूर्तींनी केली होती. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. दान स्वेच्छेचेच हवे, असे सांगितले.

‘मरणारच आहे, तर कुणाचा जीव तरी वाचेल,’ असे आपल्यालाही वाटते. पण फासासमोर उभ्या माणसाला ‘नाही’ म्हणायची मोकळीक कुठे असते? चीनमध्ये अशा कैद्यांचे अवयव वर्षानुवर्षे वापरले गेले.

दीपनगरची आपण मुले मात्र मोकळी आहोत. कैद्याकडे बोट दाखवण्याआधी आपणच अवयवदानाचा अर्ज भरूया. आणि घरच्यांना सांगून ठेवूया. शेवटी संमती त्यांनाच विचारतात.