पिळदार

'पिळदार' या शब्दावर माझा जीव आहे. पीळ आपला, सुंभाला पडतो तो. मागचा 'दार' फारसी, जमीनदार-ठाणेदारातला. एकाच दंडावर दोघे असे बसलेत की सांधा दिसत नाही.

तालमीत असे पाहुणे पुष्कळ. कुस्ती, पहिलवान, खुराक हे फारसीतले. वस्ताद म्हणजे उस्ताद. तालीम अरबी, मूळ अर्थ शिक्षण. मारुतीची तसबीर असते ना तिथे? 'तसबीर'ही अरबीच. आणि कसरत! अरबीत तिचा अर्थ पुष्कळपणा. शंभर जोर, दोनशे बैठका, उद्या पुन्हा तेवढ्याच. व्यायामाची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही. पीळही तसाच, घालावा तेव्हा पडतो.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी 1940 साली माणसाच्या शरीराचे तीन प्रकार मांडले. त्यांतल्या पिळदार अंगाला नाव दिलं 'मेसोमॉर्फ'. गर्भाच्या ज्या मधल्या थरातून स्नायू आणि हाडं घडतात, तो 'मेसोडर्म'. त्यावरून हे नाव. म्हणजे पीळ आईच्या पोटातच ठरला. अंगकाठी थोडीफार घराण्यातून येते, हे खरंच. पण शेल्डन पुढे गेले. शरीरावरून स्वभाव कळतो म्हणाले. 1949 साली बॉस्टनच्या 200 वाया गेलेल्या मुलांवर पुस्तक लिहिलं, त्यांत त्यांना याच बांध्याची मुलं जास्त दिसली. स्वभावाचं हे गणित शास्त्राने पुढे मोडीत काढलं. शरीराचे ते तीन प्रकार मात्र जिममध्ये अजून सांगितले जातात. अंग पाहून माणूस ओळखणाऱ्यांची मला धास्ती वाटते. नाव ऐकून ओळखणारे मी बरेच पाहिलेत.

आपली मराठीही काही फार भोळी नाही. बाजार समितीत पोती वाहणाऱ्या हमालाची पाठ पाहा. तेच स्नायू, तोच घाम. पण त्याला आपण 'काटक' म्हणतो, 'पिळदार' नाही. पिळदार व्हायला दूध, तूप, बदाम लागतात, आणि दुपारची झोप. पोटासाठी कमावलेलं अंग आपल्या कौतुकात बसत नाही.

एका कवितेत मी हमालाच्या पाठीला 'पिळदार' म्हटलं होतं. संपादकांनी समासात 'राबती' सुचवलं. मी पत्राने कळवलं, शब्द राहू द्या, नाहीतर कविता परत पाठवा. कविता परत आली.