बोलण्याआधीचं व्याकरण
जर्मन घरातलं सव्वा वर्षाचं मूल बोलतं मोजकंच, पण त्याचे कान व्याकरण टिपत असतात. पॉट्सडामच्या संशोधकांनी २००४ मध्ये हे दाखवून दिलं. १४ ते १६ महिन्यांच्या मुलांना त्यांनी बनावट शब्द ऐकवले. शब्दाआधी ‘आइन’ हे उपपद आलं, की मुलं त्याला नाम धरत. सर्वनामानंतरचा शब्द मात्र ती क्रियापद म्हणून ओळखताना दिसली नाहीत. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. मोठ्यांच्या बोलण्यात उपपदाच्या पाठोपाठ बहुतेकदा नाम येतं; सर्वनामानंतर कितीतरी प्रकारचे शब्द येतात. म्हणजे मूल शिकतं ते कानावर पडणाऱ्या शब्दांच्या शेजारावरून.

नाम ओळखलं, तरी त्याचं लिंग कळणं उरतंच. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं आहेत. तिथे शब्दाचा शेवटही मदतीला येतो: ‘ब्लूमे’, ‘लाम्पे’ यांसारखी नामं बहुतांशी स्त्रीलिंगी, म्हणून त्यांच्याआधी ‘डी’ हे उपपद.