साखळीवर ठेवलेला पाय
(तरुणांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कॅनडात शाळेतल्या पोरांना एक काम देतात. लुई रिएल या माणसाची माहिती काढा आणि सांगा, तो देशद्रोही होता की लोकांचा पुढारी? पोरं पुस्तकं उघडतात, तर एकात फितुरी आणि दुसऱ्यात हुतात्मा. आम्ही म्हणतो, हा सवालच उशिरा सुरू होतो. आधी विचारा, जमीन मोजायला कोण आलं होतं?

रिएल 1844 साली रेड नदीकाठी जन्मला. त्याचे लोक मेटी, म्हणजे फ्रेंच कातडी-व्यापारी आणि तिथल्या आदिवासी बाया यांच्या वंशातले. त्यांच्या जमिनी नदीपासून मागं जाणाऱ्या लांबट, अरुंद पट्ट्यांच्या. प्रत्येक घराला पाणी, मागं शेत, त्यामागं गवताचं रान. पुष्कळांकडं कागद नव्हता, पण कुणाची हद्द कुठं हे गावाला ठाऊक.

तो मुलूख हडसन बे कंपनीच्या नावावर होता. 1869 मध्ये तो 3 लाख पौंडांना कॅनडा सरकारला द्यायचं ठरलं. राहणाऱ्याला कुणी विचारलं नाही. व्यवहार पुरा व्हायच्या आतच मोजणीवाले आले आणि चौकोन पाडू लागले. ऑक्टोबरात रिएल आणि त्याचे सोबती एका शेतकऱ्याच्या रानात गेले, साखळीवर पाय ठेवला. मोजणी थांबली. साखळी आपल्यालाही नवी नाही, म्हणून हे नीट ऐका.

मेटींनी आपलं सरकार बसवलं, बोलणी केली, आणि 1870 चा मॅनिटोबा कायदा मिळवला. त्यात मेटी पोरांसाठी 14 लाख एकर जमीन लिहिली गेली. पण त्याच मार्चमध्ये रिएलच्या सरकारनं थॉमस स्कॉट नावाच्या कैद्याला गोळी घातली. हे झाकायचं नाही. ती चूकच होती, आणि फौज धाडायला मागणाऱ्यांच्या हाती तीच पडली. रिएलला पळावं लागलं. पुढं लोकांनी त्याला तीनदा संसदेवर निवडून दिलं, एकदाही बसता आलं नाही.

आणि जमीन? वाटप वर्षानुवर्षं रखडलं. तोवर बाहेरचे येऊन बसले. पुढं हक्काच्या चिठ्ठ्या दलालांनी कवडीमोलानं उचलल्या. कायदा जिंकला, शेत गेलं. आम्हाला विचाराल तर फाशीपेक्षा हा भाग जास्त शिकण्यासारखा आहे, पण धड्यात तो दोन ओळींत उरकतात.

कित्येक मेटी पश्चिमेला सस्कॅचेवान नदीकाठी गेले. तिथंही पट्टे, तिथंही मोजणी, तिथंही अर्जांना उत्तर नाही. 1884 मध्ये चार घोडेस्वार रिएलला बोलवायला गेले. तेव्हा तो अमेरिकेत मास्तरकी करत होता. 1885 मध्ये लढाई झाली, बतोशला चार दिवसांत मेटी हरले. वकील म्हणाले, याला वेडा ठरवू म्हणजे जीव वाचेल. त्यानं ऐकलं नाही. तो वेडा, तर लोकांची मागणीही वेडी ठरली असती. तो स्वतःला देवाचा प्रेषित समजायचा, हेही खरं. 16 नोव्हेंबरला रिजायना इथं त्याला फाशी दिली.

त्याच महिन्यात बॅटलफर्डला आठ आदिवासी गडी एकाच वेळी लटकवले. त्यांच्यावर शाळेत कुणी निबंध मागत नाही.

आता गटागटानं बसू या. आपल्या पाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं: पहिली मोजणी कधी झाली, कोण आलं, कुठं दगड रोवला. सांगतील तसंच वहीत उतरवा, आणि वही पाड्यातच ठेवा.